उपोषणाचे स्थळ : अर्जदाराचे राहते घर

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत नमूद करतो : माझे वडील उपोषणास कधीही बसले नव्हते. तालुक्याच्या कचेरीतील नोंदवहीत काय लिहिले आहे ते मला ठाऊक आहे. एका चार पानी साप्ताहिकाने पहिल्या पानावर काय छापले तेही ठाऊक आहे. आजही गावातली जुनी माणसे मला रस्त्यात थांबवून "तुमच्या अण्णांनी पाच दिवस अन्नाला शिवलं न्हाई, काय माणूस होता!" असे म्हणतात. ती आदराने बोलतात, म्हणून मी इतकी वर्षे मान हलवून पुढे गेलो. परंतु खोट्या गोष्टीबद्दलचा आदर स्वीकारणे ही एक प्रकारची खोटी साक्षच आहे, आणि या वयात मला ती पचेनाशी झाली आहे.

गावाचे नाव लिहीत नाही. संबंधित अधिकाऱ्यांपैकी दोघे निवृत्तिवेतन घेत आहेत आणि माझे भांडण त्यांच्या पोटाशी नाही, त्यांच्या शेऱ्यांशी आहे. वाचकाला एवढे पुरे की कळमनुरीहून नांदेडला जाणाऱ्या रस्त्यापासून ते फार लांब नाही, आणि तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. आम्ही परभणीत मोडत होतो. वेगळा जिल्हा व्हावा म्हणून मोर्चे निघत, सभा होत. आमच्या घरात मात्र तो होऊनही गेला होता.

अण्णा अर्जनवीस होते. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली त्यांचे टेबल, टेबलावर टंकलेखन यंत्र आणि यंत्राखाली आवाज मरावा म्हणून दुमडलेले पोते. ज्याला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येऊनही सरकारशी कोणत्या सुरात बोलावे हे कळत नाही, अशा माणसाचे गाऱ्हाणे ऐकून ते कागदावर उतरवणे हा त्यांचा परवानाधारक व्यवसाय. शिक्षण निजामाच्या अमदानीत उर्दूतून झालेले. त्यामुळे बोलण्यात दरखास्त, तकलीफ, बराबर असे शब्द, आणि लिहिण्यात मात्र इतके नेटके मराठी की न्यायाधीश एखादा अर्ज केवळ आनंदासाठी दुसऱ्यांदा वाचत. "माणूस रडत येतो," ते मला शिकवत, "त्याचं रडणं वजा करायचं, शिव्या वजा करायच्या, आणि उरेल ते लिहायचं. बहुतेक दोन ओळी उरतात." दोन ओळींत माणसाचे दुःख मांडणारा हा गृहस्थ वर्षातून एकदा, कधी दोनदा, दोन ओळींत मावेनासा होई.

चढ सुरू झाला की तो आम्हाला प्रथम कानांनी कळे. एरवी यंत्र शांतपणे चाले. चार अक्षरे, विचार, पुन्हा चार अक्षरे. चढाच्या दिवसांत ते यंत्र घरी येई आणि पहाटे चारपासून त्याचा कडकडाट सुरू होई. आई चूल पेटवण्याआधी कान देऊन ऐके आणि मला म्हणे, "वासू, आज थांबून थांबून न्हाई वाजत. आज डाळ जास्त टाकावी लागंल." डाळ जास्त, कारण चढाच्या दिवसांत अण्णा माणसे घेऊन येत. औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेऊन परतणारे सोळा यात्रेकरू त्यांनी एकदा रस्त्यातूनच जेवायला आणले. आईने आंबट वरण, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांच्यापुढे ठेवली. जेवण झाल्यावर अण्णांनी त्या सोळाही जणांची काहीएक तक्रार नसताना त्यांच्या नावाने सोळा तक्रारअर्ज टंकित केले. "आज नसंल तकलीफ," ते समजावत होते, "उद्या होईल. तेव्हा मी कुठं सापडणार?" यात्रेकरूंनी अर्ज घेतले, नमस्कार केला आणि ते गेले. त्यांच्यापैकी एकाने पुढे तो अर्ज खरोखरच वापरला व त्याचे काम झाले, असे ऐकले.

नांदेडच्या एका डॉक्टरांनी या प्रकरणाच्या आदल्या वर्षी आम्हाला समोर बसवून सांगितले होते की हा दोन टोकांचा आजार आहे. माणूस आधी फार वर जातो, मग फार खाली. यात स्वभावाचा दोष नाही, बाधा नाही, कुणाची करणी नाही. गोळ्या रोज घ्यायच्या आणि बरे वाटले तरी सोडायच्या नाहीत. अण्णांनी हे सर्व एखाद्या वकिलाचा युक्तिवाद ऐकावा तसे ऐकले. तीन महिने गोळ्या घेतल्या. बरे वाटले. मग त्यांनी उरलेली पाकिटे एका फायलीत लावली, तिच्यावर "प्रकरण निकाली, दप्तरी दाखल" असा शेरा मारला आणि फाईल माळ्यावर टाकली. आईला ती फाईल सापडेपर्यंत मागचा चढ होऊन गेला होता आणि हा चढ सुरू झाला होता.

या खेपेस अण्णांनी असा निर्णय घेतला की शासन जिल्हा देण्यास विलंब करीत असल्यामुळे तो आपणच सुरू करावा. त्यांनी टेपने ओसरी मोजली आणि ती पुरेशी असल्याचे प्रमाणपत्र स्वतःला दिले. मग पुठ्ठ्याच्या पाट्या झाल्या. ओसरीवर "जिल्हाधिकारी", माजघरावर "अभिलेख कक्ष", न्हाणीवर "पाटबंधारे" आणि स्वयंपाकघरावर "जिल्हा पुरवठा". मी नांदेडला कायद्याच्या पहिल्या वर्षात होतो आणि सुट्टीत घरी आलो होतो. माझ्या खाटेवर "सरकारी वकील" अशी पाटी होती. खोटे कशाला बोलू, क्षणभर मला बरे वाटले.

"काहून हो," आईने विचारले, "आता पीठ काढायला बी तुमची परवानगी लागंल का?"

"पीठ पुरवठा विभागाचं आहे, बाई. अर्ज करा. नियमानं विचार होईल."

आईचे शिक्षण चौथीपर्यंत. तिने माझ्या वहीतून पान फाडले आणि लिहिले : "विषय : पीठ मिळणेबाबत. महोदय, घरात तीन माणसे जेवणार आहेत व भूक लागली आहे." अण्णांनी तो अर्ज वाचला, अतिशय समाधान पावले, आणि "मंजूर. भाषा उत्तम" असा शेरा मारून परत दिला. तो कागद माझ्यापाशी आहे. आमच्या घरात मंजूर झालेला तो बहुधा सर्वांत प्रामाणिक अर्ज असावा.

याच दिवसांत थावरा नाईक आमच्या दारी आले. गावापासून दोन कोसांवर, फाट्याच्या वर, त्यांचा तांडा. शंभरेक घरे, सगळे शेतीवर. नांदेडची लाल गाडी तांड्याच्या फाट्यावरून रोज जाई आणि तिथे कधीही थांबत नसे, कारण तिथे थांबा नव्हता. शाळेच्या पोरींना, म्हाताऱ्यांना, अडलेल्या बाळंतिणीला दोन कोस चालत येऊन गावातून गाडी धरावी लागे. नाईकांची सून त्याच वाटेत बाळंत झाली होती. लेकरू गेले होते. नाईक हे सगळे दोन वाक्यांत बोलले. वजा करण्यासारखे त्यात काही नव्हते. "थांबा पायजे, अण्णा. बाकी काई नको."

ती मागणी क्रमांक एक. अण्णांनी ती अर्ध्या पानात अशी लिहिली की मी ती दोनदा वाचली. आणि मग, यंत्र गरम होतेच, त्यांनी तिच्याखाली आणखी बावीस मागण्या जोडल्या. कोर्टाचे घड्याळ दुरुस्त करावे, ही त्यांतली दुसरी. कोर्टाच्या आवारातील कुत्रे गेली सहा वर्षे इमानाने पहारा करीत असल्याने त्यास चतुर्थ श्रेणीत कायम करावे, ही अकरावी. जिल्हाधिकारी कार्यालय अर्जदाराच्या ओसरीत तत्काळ सुरू करावे, ही तेविसावी आणि शेवटची. पंधरा दिवसांत सर्व मागण्या मान्य न झाल्यास आमरण उपोषण. स्थळ : नियोजित जिल्हाधिकारी कार्यालय, म्हणजेच अर्जदाराचे राहते घर. त्याखाली "प्रत माहितीस्तव" म्हणून एकोणतीस नावे. आमच्या भागात निवेदनाचा एक रिवाज आहे : मागणी कितीही लहान असो, प्रत राष्ट्रपतींपर्यंत गेली पाहिजे.

चौदाव्या दिवशी यंत्र थांबले.

उतार असाच येई, पायरी न देता. अण्णा ओसरीवरच्या बाजेवर, "जिल्हाधिकारी" या पाटीखाली, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि उठले नाहीत. हाक मारली तर पापणी हलायची. हे आम्हाला नवे नव्हते. उताराच्या दिवसांत घरात आवाज राहत नसे. आई भांडीसुद्धा फडक्यावर ठेवी. ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज करून ती वाटी घेऊन बाजेपाशी बसे आणि चमचा चमचा भरवी. दहा चमच्यांतले सहा आत जात. सहावर माणूस जगतो, हे आम्हाला अनुभवाने माहीत होते. या खेपेस मात्र पंधरावा दिवस उजाडला आणि दहाच्या ठोक्याला सायकलवरून जमादार आला.

जमादार भला माणूस. वही काढून त्याने ओसरीकडे पाहिले. "अण्णा, बैठे क्या?"

अण्णा बोलले नाहीत. जमादाराने लिहिले : दहा वाजता बसले.

"बसलेले नाहीत," मी म्हणालो. "झोपलेत."

"लेट के करे तो भी चलता, वासूभाई."

"अहो, ते आजारी आहेत."

"होतेच ना. भूखा आदमी बीमार होताच." त्याने तेही लिहिले.

कायद्याचा विद्यार्थी म्हणून तोवर माझी अशी समजूत होती की सत्य बोलले की ते आपोआप सिद्ध होते. त्या पाच दिवसांत ती गेली. मी जे जे सांगे ते ते उपोषणाचाच पुरावा ठरे. जेवत नाहीत? अर्थातच. बोलत नाहीत? म्हणजे मौनही धरले आहे. दुपारी सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. रेशन दुकानातला पोती मोजायचा काटा आणवून त्यावर अण्णांना दोघांनी धरून उभे केले, वजन लिहिले आणि शेऱ्यात "उपोषणकर्ते निश्चयी" असे म्हटले. मी त्यांना बाजूला घेऊन नांदेडच्या गोळ्यांबद्दल सांगितले. ते हळू आवाजात म्हणाले, "आत्ता हे कुठं बोलू नका. एवढं मोठं आंदोलन आहे." त्यांनीही अण्णांकडे आदराने पाहिले. मला त्यांच्या कानशिलात मारावीशी वाटली. मी त्याऐवजी त्यांना पुढे एकूण चार पत्रे लिहिली.

दुसऱ्या दिवशी तांडा आला. तीन बैलगाड्या, चाळीसेक माणसे, पुढे नाईक. "आमच्यापायी मानूस उपाशी पडला," ते म्हणाले, "आमी घरी कसं बसावं?" अंगणात साखळी उपोषण सुरू झाले. साखळी म्हणजे पाच जण तीन तास उपाशी बसत, मग उठून जेवत आणि पुढचे पाच बसत. जेवणासाठी दारापुढेच चुली मांडल्या होत्या. दिवसभर भाकऱ्या थापल्याचा आवाज, ठेच्याचा ठसका, बायकांची गाणी. उपोषणाच्या त्या पाच दिवसांत आमच्या दारात जेवढे जेवण झाले तेवढे एखाद्या लग्नातही झाले नसेल. आईने आपली चटणी त्यांना दिली आणि त्यांनी तिला भाकरी दिली.

आणि या सगळ्याच्या मध्ये, सर्वांच्या डोळ्यांदेखत, माझा बाप खरोखर मरत होता. कारण आता आईला पेज भरवता येईना. पहिल्यांदा ती वाटी घेऊन ओसरीवर गेली तेव्हा शेजारच्या काकांनी तिचा हात धरला. "वहिनी, काय करून राहिल्या? पेपरवाला आलाय. फोटो निघाला तर अण्णांची इज्जत काय राहील?" आईने धोतर बांधून आडोसा केला, तर आडोशाआड उपोषणकर्ता जेवतो असे कुणी म्हणू नये म्हणून तिथे दोन स्वयंसेवक उभे राहिले. अण्णांना आत हलवू म्हटले, तर जमादार म्हणाला, नोटिशीत जागा ओसरी लिहिली आहे, हलवले तर पंचनामा करावा लागेल. आई तरीही संधी साधून चमचा त्यांच्या तोंडाशी नेई. पहिल्या दिवशी सहातले दोन गेले. तिसऱ्या दिवशी एकही नाही. चौथ्या दिवशी पाणी ओठांच्या कडेने उशीवर ओघळले, आणि आई चमचा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. ती रडली नाही. ती म्हणाली, "वासू, तू कायदा शिकतो ना? मग काहीतरी कर."

पाचव्या दिवशी दुपारी नायब तहसीलदार जीपने आले. बरोबर स्टीलच्या पेल्यात मोसंबीचा रस, पेल्यावर बशी. सरकार मागणी मान्य करते, अधिकारी आपल्या हाताने रस पाजतो, टाळ्या होतात, उपोषण सुटते. हा विधी सर्वांना पाठ होता. लोक उठून उभे राहिले. साहेब बाजेपाशी स्टुलावर बसले आणि त्यांनी पत्र वाचले : तांड्याच्या फाट्यावर विनंती थांबा देण्याची शिफारस आगाराकडे करण्यात येत आहे. अंगणात आरोळी उठली. साहेबांनी पेला पुढे केला.

अण्णा भिंतीकडे बघत होते.

साहेब खाकरले. "अण्णासाहेब, घड्याळाचंही करू. या आठवड्यात मेस्त्री पाठवतो."

पापणीसुद्धा हलली नाही.

"यंत्रासाठी नवी फीत. मान्य." त्यांनी यादी उलटली. घाम आला होता. "कुत्र्याबाबत... हे पाहा, नेमणूक माझ्या अधिकारात येत नाही. पण त्याला कुणी हाकलणार नाही, एवढं मी लिहून देतो."

अंगणातून कुणीतरी कौतुकाने म्हणाले, "बघा, अण्णा हटून न्हाई राहिले!"

एकेक करीत ते बाविसाव्या मागणीपर्यंत आले. मी आयुष्यात पुष्कळ तडजोडी पाहिल्या. पण समोरचा पक्ष ऐकतही नसताना इतकी मजल मारलेली दुसरी तडजोड पाहिली नाही. तेविसाव्या मागणीशी साहेब अडले. त्यांनी मान वर करून "जिल्हाधिकारी" ही पाटी वाचली, ओसरीवरून नजर फिरवली, आणि मी शपथेवर सांगतो, ते क्षणभर तिचा विचार करीत होते. मग बेसावधपणे पेला तोंडाला लावून त्यांनी तो रस स्वतःच पिऊन टाकला.

तिथे माझा तोल गेला. "अहो, ते हटून बसलेले नाहीत!" मी ओरडलो. "त्यांना ऐकू येतंय पण पोचत नाही! हे उपोषण नाही, हा आजार आहे. मनाचा आजार. आधी वर जातो, मग असा खाली येतो. पाच दिवस तुम्ही सगळे मिळून एका आजारी माणसाला उपाशी मारताय!"

चुलीवरची भाकरी करपली, तरी उलटायला कुणी वळले नाही.

साहेबांनी पेला खाली ठेवला. "हे तुम्ही लेखी द्याल?"

"देतो की."

"विचार करा. उपोषण असेल तर मी त्यांना आत्ता जीपने दवाखान्यात नेतो. पण मग कलम तीनशे नऊ लागेल, आत्महत्येचा प्रयत्न; परवाना जाऊ शकतो. आणि तुम्ही म्हणता तसा आजार असेल, तर गुन्हा नाही. पण मग हे आंदोलनही नाही. आजारी माणसाच्या मागणीवर मी शिफारस कशी करू? हे पत्र मला परत न्यावं लागेल." मग पत्राची घडी घालत म्हणाले, "आणि रुग्णाला जीप देण्याची तरतूद नाही."

हे ते दुष्टपणाने बोलले नाहीत. तेच मला आजवर माफ करता येत नाही. पुढे कायदा बदलला. मनाच्या आजाराने खचलेल्या माणसावर असा गुन्हा लावू नये असे संसदेला कळले. ती तरतूद मी प्रथम वाचली तेव्हा मला आनंद झाला नाही. मी मोठ्याने, एकटाच असताना, आईची ती पेजेची वाटी कुठे आहे असे विचारले.

मी नाईकांकडे पाहिले. पत्र माझ्यामुळे परत जाणार होते. त्यांना सगळे कळले होते. असे बोलणे कळायला अक्षरओळख लागत नाही.

"लिव्हा, भाऊ," ते म्हणाले. "काहून थांबले? थांबा उद्या भेटंल, परवा भेटंल. बाप काई डेपोतून भेटत न्हाई."

मी यंत्रावर कागद चढवला. माझे वडील उपोषणास बसलेले नसून आजारी आहेत. मला त्यांना उपचारासाठी न्यायचे आहे. दोन ओळी उरल्या. माझ्या सहीचे ते पहिले सरकारी पत्र. साहेबांनी पोच दिली, शिफारस खिशात घातली आणि जीप रिकामी परत गेली.

मग तांड्याच्या चार माणसांनी बाज उचलली, अण्णांसकट. आई पेजेचे भांडे घेऊन मागे. आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर, गावच्या थांब्याच्या अलीकडेच, नांदेडची गाडी दिसली तेव्हा चाळीस माणसे शांतपणे आडवी उभी राहिली. चालकाने डोके बाहेर काढले. "थांबा न्हाई इथं!"

"म्हाईत हाय," नाईक म्हणाले. "आमाला काय नवीन सांगतो? दार उघड."

नांदेडला सलाईन लागले, गोळ्या सुरू झाल्या, आणि तीन आठवड्यांनी अण्णा परत आले तेव्हा ते वरही नव्हते आणि खालीही. हळू चालत होते. आईने पाट्या काढून चुलीत घातल्या होत्या. फक्त पुरवठ्याची ठेवली होती, ती आपल्याला पटली होती असे तिचे म्हणणे. कचेरीचे उत्तर येऊन पडले होते. ते असे : आपल्या मुलाच्या लेखी निवेदनावरून आपण मनोरुग्ण असल्याचे निष्पन्न झाले असल्याने आपल्या तेवीसही मागण्या निकाली काढण्यात येत आहेत. मी ते लपवून ठेवले होते. अण्णांनी घरची आवक टपालाची वही पाहिली, तीत नोंद सापडली, आणि त्यांनी पत्र मागून घेतले. व्यवसायच तो.

त्यांनी ते वाचले. मग माझ्या पत्राची प्रत मागितली. तीही वाचली. मी उभाच होतो. बापाला भर अंगणात वेडा ठरवणाऱ्या मुलाने कुठे बघावे, याचा काही नियम नाही.

"'आजारी'," ते म्हणाले. "मोघम आहे. कोणता आजार, कधीपासून, इलाज काय. मोघम लिहिलं की समोरच्याला हवा तो अर्थ काढता येतो. त्यांनी काढला."

"चुकलं, अण्णा."

"चुकलं नाही. कमी पडलं."

त्याच दिवशी नाईक विचारपूस करायला आले. अण्णा त्यांच्यापुढे हात जोडून म्हणाले, "नाईक, तुमच्या एका दरखास्तीवर मी बावीस चढवल्या. तुमचं नुकसान केलं."

"कसलं नुकसान?" नाईक हसले. "एक होती तवा कुनी कुत्रं इचारत नव्हतं. तेवीस झाल्या, तवा साहेब घरला आले. कुत्र्याचं बी काम झालं आसतं, थोडक्यात हुकलं." आई आतून हसली. तिचे हसणे मी कित्येक महिन्यांनी ऐकत होतो. अण्णाही हसले, जरा उशिरा, गोळ्यांमुळे.

तो थांबा पुढे मिळाला. किती वर्षांनी आणि किती पत्रांनी, हे इथे लिहीत नाही. माझा रक्तदाब वाढतो. त्या पत्रांपैकी पहिले मात्र त्या दुपारी लिहिले गेले. अण्णांनी मला यंत्रावर बसवले, कारण त्यांची बोटे गोळ्यांनी थरथरत होती. बावीस मागण्या आजाराच्या भरात केल्या असल्याने अर्जदार त्या मागे घेत आहे. मागणी क्रमांक एक कायम. मी थांबलो.

"आजाराचं काढून टाकू का?" मी विचारले. "नुसतं 'मागे घेत आहे' म्हटलं तरी चालतं. नाहीतर पुन्हा तेच कारण देतील."

"देतील."

"मग?"

"आजार खरा आहे. मागणीही खरी आहे. एका कागदावर दोन्ही खरं असू शकतं, हे त्यांना माहीत नसंल तर कुणीतरी सांगायला पाहिजे. डॉक्टरांनी नाव लिहून दिलंय ना? ते बघून लिही. पूर्ण लिही."

मी चिठ्ठी पाहून ते नाव अक्षर अक्षर टंकित केले. त्यांनी कागद जवळ घेतला, चष्मा पुसला, शब्द न् शब्द वाचला आणि खाली सही केली. हात हलला. इतकी वर्षे सरळ रेघेत आलेली सही वाकडी झाली आणि कागदाच्या कडेपर्यंत घसरत गेली. मी दुसरा कागद चढवायला उठलो. त्यांनी मला हाताने थांबवले, आणि सहीच्या शेजारी, तितक्याच वाकड्या अक्षरांत, सावकाश लिहिले : सही माझीच आहे.